रागावणाऱ्याचा पुलाव

हैतबाय ताश्कंदला चालला आणि आता परत यायचा नाही, ही बातमी रिसालतला तंदूरवालीकडे कळली.

"लेकानं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय म्हणे. बापाला एकटं ठेवणार नाही म्हणतो," नान काढता काढता तंदूरवाली म्हणाली. "म्हाताऱ्यानं खोगिरं शिवायची हत्यारंसुद्धा वाटून टाकली. तुमच्याकडे नाही का आला सांगायला?"

एवढं बोलून तिनं जीभ चावली. हैतबाय आणि रिसालतचा नवरा तुर्गून यांचं बोलणं दहाएक वर्षं बंद होतं, हे मार्गिलानच्या त्या मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रिसालतनं गरम नान ओढणीच्या टोकात बांधले आणि घराकडे वळली.

तुर्गून अंगणात बसला होता. जन्मभर रेशमाचं सूत रंगवून त्याची नखं निळी झाली होती, ती काम सोडल्यावरही निळीच राहिली. पूर्वी हा माणूस घरात शिरला की भिंतीसुद्धा जाग्या व्हायच्या. आता तो सकाळी उठून बसे तो संध्याकाळपर्यंत बसलेलाच. चहा दिला तर पिई, नाही दिला तर मागत नसे.

"अहो, हैतबाय-आका परवा चाललेत. ताश्कंदला. कायमचे," रिसालतनं सांगून टाकलं.

तुर्गूननं नानचा तुकडा मोडला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही.

"जाऊ दे," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "जाऊ दे की."

रिसालतनं ओळखलं, हैतबाय गेला की हा माणूस जागच्या जागी संपणार. श्वास घेत राहील, पण तेवढंच.

एक काळ असा होता, की खोऱ्यातलं कुठलंही लग्न या दोघांवाचून पार पडत नसे. आस्किया खेळावी तर यांनीच. म्होरक्या एक विषय देई, कधी खरबूज, कधी घोडा, कधी न्हाव्याचं दुकान. मग एकानं टोमणा मारायचा, दुसऱ्यानं त्याच विषयात राहून तो परतवायचा, आणि भोवतालच्या शेकडो माणसांनी टोप्या सावरत हसायचं. तुर्गून सुरुवात करी, मऊ, साळसूद आवाजात. हैतबाय शेवट करी. आज बोललेलं उद्या पुन्हा बोलायचं नाही. शिळा टोमणा मारणाऱ्याला लोक हसत, टोमण्याला नव्हे.

या खेळाचे दोन कायदे. पहिला असा, की रागवायचं नाही. आईवरून, टकलावरून, लंगड्या पायावरून काहीही निघो, ज्याला राग आला तो हरला. त्यानं साऱ्या मंडळाला पुलाव खिलवायचा आणि ज्याच्यावर रागावला त्याला पहिला घास आपल्या हातानं भरवायचा. दुसरा कायदा, चहाखान्यातला शब्द चहाखान्यातच ठेवायचा. पुरुष घरी येताना जोडे झटकत तसे शब्दही झटकून येत. बायकांना ऐकू येई ते फक्त लांबून, हसण्याचा लोंढा.

मग ताश्कंदहून एक माणूस आला. चष्मेवाला, सभ्य, बरोबर आवाज टिपायचं यंत्र. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या कोट्या आणि हजरजबाब तो गोळा करत होता. त्यानं या दोघांना विषय दिला बागेचा. खेळ चांगला रंगला आणि तुर्गून हरला. हैतबायचा शेवटचा टोमणा ऐकून त्यालाच इतकं हसू आलं, की उत्तर देताच आलं नाही. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा डोळे पुसतच होता.

दोन वर्षांनी पुस्तक निघालं. तुर्गूनला कोण आनंद! आपलं नाव छापून आलंय म्हणून त्यानं गठ्ठाच विकत आणला, आत काय आहे ते न बघताच मोहल्ल्यात वाटला, आणि रिसालतकडे बायकांची बैठक होती त्या दिवशी तिच्या भाचीला, नोदिराला, म्हणाला, "तू शाळेत शिकवतेस, आवाज खणखणीत आहे. वाच बघू आमचं, सगळ्यांना ऐकू दे." स्वतः ओसरीवर पाठ करून बसला, कान आत.

नोदिरा वाचू लागली. शाळेतला धडा वाचावा तशी, एकेक शब्द सुटा.

"हैतबाय म्हणतात, तुर्गूनच्या बागेचं मला भारी कौतुक वाटतं. कुंपण घालतो, राखण करतो, पाखरू फिरकू देत नाही. नुसतं रोप लावायचं तेवढं विसरलाय." मग तिनं घसा साफ केला. "सगळे हसतात."

कुणी हसलं नाही. तुर्गून-रिसालतला मूलबाळ नव्हतं. बायकांनी पियाल्यांत डोळे घातले. एकीनं नुसतीच नानची चळत सारखी केली. नोदिराच्या ध्यानात आलं आणि तिचे कान लालबुंद झाले.

"चहा आणते," म्हणून रिसालत उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीकडे तोंड करून उभी राहिली. ओढणीचा बोळा तिनं तोंडात कोंबला, कारण तिला हसू आवरत नव्हतं. हा तर आपला तुर्गूनच, सहीसही! बाजारात पाटी घेऊन जाणार, भाव ठरवणार, गाढववाल्याशी हुज्जत घालणार आणि माल दुकानातच विसरून येणार. लग्नाच्या दिवशी वरातीचा घोडा सजवला, वाजंत्री आणली, आणि स्वतःची टोपी घरी. हैतबायनं दोन वाक्यांत उभा केला होता त्याला. मूल नसल्याचं दुःख तिचं तिनं कधीच रडून घेतलं होतं. या वाक्यात तिला ते दिसलंच नाही, नवरा तेवढा दिसला. पण बाहेर त्या बायका अशी दीनवाणी तोंडं करून बसलेल्या, त्यांच्यापुढे हसायचं कसं?

तुर्गून ओसरीवरून उठून आत डोकावला. त्याला दिसली ती पाठमोरी बायको, ओढणी तोंडाशी आणि खांदे गदगदा हलतायत.

त्या दिवसापासून तो चहाखान्यात गेला नाही.

रिसालतनं तेव्हाच का सांगितलं नाही? एक तर त्यानं विचारलंच नाही. दुसरं म्हणजे, तो भलताच मायाळू झाला. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी यायला लागला. आपल्या हातानं रंगवलेल्या सुताचं कापड तिच्यासाठी घेऊन आला. शेजारी बसून बेदाणे निवडायला लागला. इतकी वर्षं चहाखान्यानं खाल्लेला नवरा तिला फुकटात परत मिळाला होता. असेल काही कारण, असू दे, म्हणाली. आठ दिवसांत जाईल परत.

तो गेला नाही. हैतबाय दोनदा दारावरून गेला, तिसऱ्यांदा हाक मारली. तुर्गूननं आतून कडी लावली. लोकांनी विचारलं, "काय रे, रागावलास की काय हैतबायवर?" तर म्हणे, "छे! मी कशाला रागावतो? पाठ दुखते म्हणून येत नाही." रागावलो म्हणावं तर हरला, पुलाव घालावा लागणार, आणि त्याहून वाईट म्हणजे बायकोला रडवणाऱ्याला आपल्या हातानं घास भरवावा लागणार. मोहल्लाही शहाणा. आस्कियाच्या माणसाला रागावलेला म्हणणं ही शिवी. म्हणून सगळे मिळून त्याच्या पाठीची चौकशी करत. कुणी मलम आणून देई, कुणी मेंढीची चरबी. अशी ती पाठ दहा वर्षं दुखली.

आणि जो माणूस बेदाणे निवडत गप्पा मारायचा, तो हळूहळू नुसते बेदाणेच निवडायला लागला. त्याचा टोमणा झेलायला घरात कोणी नव्हतं. रिसालतनं एकदोनदा प्रयत्न करून पाहिला, पण तो दचकून तिच्याकडे बघे, जणू तिच्या कुठल्या जखमेला हात लागला.

नान तसेच पडले होते. रिसालत नवऱ्यासमोर बसली.

"अहो, ऐका. त्या दिवशी नोदिरा वाचत होती ना, तेव्हा मी रडत नव्हते. हसत होते."

तुर्गूननं तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले त्याचे.

"तू फार भली आहेस गं," तो म्हणाला.

"भली कसली डोंबलाची! खरंच हसत होते. तुमची पाटी आठवली, ती टोपी आठवली..."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. तो चाललाय म्हणून. नको. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाठ पाहिलीत माझी!"

"पाठच खरं बोलते," तुर्गून म्हणाला आणि उठून आत गेला.

खऱ्यानं भागत नाही म्हटल्यावर रिसालतनं जोडे पायांत सरकवले आणि तडक कोचकार-आकांचं घर गाठलं. कोचकार-आका चहाखान्याच्या मंडळाचे म्होरके. दाढी पांढरीशुभ्र, पण भुवया काळ्या. विषय देणं, हरलेला ठरवणं, सगळं त्यांच्याकडे.

"कोचकार-आका, मला पुलाव घालायचाय. मंडळाला. उद्या सकाळी."

"कसला पुलाव?"

"रागावल्याचा."

म्हाताऱ्यानं भुवया वर केल्या. "तुर्गूननं पाठवलं?"

"त्यांना काय पडलंय! त्यांची पाठ दुखते. रागावले मी."

"तू कशी रागावशील? तू मंडळात नाहीस."

"मंडळात नाही, मग माझ्या घरची बाग तुमच्या मंडळात कशी आली? टोमणा घरापर्यंत आला तर रागही घरातूनच यायचा. तांदूळ लालसर, उझ्गेनचा आहे. मेंढी भाऊ कापून देईल. देग आणि आचारी तेवढा तुम्ही बघा."

कोचकार-आका बराच वेळ दाढी चोळत राहिले. मग हसू लपवायला त्यांनी तोंड फिरवलं.

"बाईच्या पुलावाला नाही म्हणावं असा कायदा आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "पण हो म्हणावं असाही नाही. उद्या बघू लोक काय म्हणतात. तुर्गूनला मी बोलावतो. कुणाचा पुलाव ते सांगत नाही."

पुलावाचं बोलावणं आलं की मार्गिलानात माणूस तापानं फणफणला असला तरी जातो. तुर्गून सकाळी नवा झगा घालून गेला. मागोमाग, जरा अंतर ठेवून, रिसालत. चहाखान्याच्या आवारात तुतीच्या झाडाखाली देग चढली होती. सरकीचं तेल तापल्याचा वास पाटाच्या पलीकडे येत होता. पिवळी गाजरं कातरून झाली होती. लाकडी चौथऱ्यांवर मंडळी पाय दुमडून बसलेली, आणि दोन टोकांना दोन म्हातारे. हैतबाय केवढा वाळला होता! पायाशी त्याचा मुलगा बोतिर शहरी बूट घालून अवघडून बसला होता.

पुलाव ताटांत निघाला तेव्हा कोचकार-आका उभे राहिले.

"मंडळी, हा रागावणाऱ्याचा पुलाव आहे."

तुर्गूनचा चेहरा एकदम पडला. "मी नाही... माझी पाठ..."

"तुझा नाही रे बाबा, बस खाली. हा रिसालतचा आहे."

सगळ्या टोप्या तुतीच्या झाडाकडे वळल्या. रिसालत आवारात आली, पण चौथऱ्यावर चढली नाही. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "आता बायकाही रागावणार का आमच्यावर?" तर दुसरा म्हणाला, "तुझी बायको काय आजच रागावतेय का? ती पुलाव कधी घालते ते बोल."

"राग मला आला," रिसालत मोठ्यानं म्हणाली. खोटं बोलताना तिनं नजर खाली घेतली नाही. "यांना नाही. हे मला सोबत म्हणून घरी बसले. मी हरले. हैतबाय-आका, पुढे या. घास घ्या."

तुर्गून तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होता. चौथऱ्यावर बसलेल्यांना वाटलं, केवढी ही बाईची हिंमत. तिला मात्र एवढंच दिसत होतं, की त्याची पाठ आत्ता ताठ झाली होती.

हैतबाय उठला, गुडघे धरत खाली आला आणि तिच्या हातचा घास घेतला. चावून गिळला. मग म्हणाला,

"रिसालत, पुलाव झकास आहे. पण तू रागावलीस कशावर?"

मंडळींनी माना पुढे काढल्या.

"म्हणजे?" कोचकार-आका म्हणाले.

"म्हणजे काय म्हणजे? मला आजवर वाटत होतं, तुर्गूनच्या पुतण्याच्या लग्नात मी त्याच्या वरच्या जागी बसलो म्हणून हा रुसला. मला कुठं माहीत मधे रिसालत आहे!"

"कुठलं पुतण्याचं लग्न?" तुर्गून पहिल्यांदा बोलला. दहा वर्षांनी हैतबायला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य. "त्या लग्नात तू वर बसलास ते मला कळलंसुद्धा नाही!"

"कळलं नाही? अख्खा गाव बघत होता! मी दहा वर्षं लाजेनं मेलोय इकडे!"

"मग उठायचं होतंस!"

"तू म्हणायचं होतंस!"

बोतिर मधे पडला. "बाबा, ते पुस्तक. त्यात तुमचा टोमणा छापलाय. बागेवरचा."

"मी वाचलंच नाही ते," हैतबाय म्हणाला. "माझंच बोलणं मी कशाला वाचू? काय छापलंय?"

चहाखान्याच्या कपाटात एक प्रत होती, पियाले ठेवून ठेवून तिच्यावर चहाची गोल वर्तुळं उमटली होती. कोचकार-आकांनी चष्मा लावून पान शोधलं आणि वाचलं. कुंपण घालतो, राखण करतो, पाखरू फिरकू देत नाही, नुसतं रोप लावायचं तेवढं विसरलाय. मग पुढचंही वाचलं, कारण पुढे छापलं होतं, "सगळे हसतात."

कुणी हसलं नाही. एका माणसानं ढेकर दिली.

हैतबायचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

"हे मी बोललो? असं?"

"तूच."

"हे असं, लग्नपत्रिका वाचल्यासारखं? अरे, मी आधी त्याला चहा ओतून दिला होता! मग त्याच्या टोपीवरची धूळ झटकली, म्हटलं, थकलास रे, सकाळपासून राबतोयस. मग एकेक बोट मोडत मोजलं, कुंपण... राखण... आणि मग थांबलो! इतका थांबलो की तो करीम हसून चौथऱ्यावरून खाली पडला, मी शेवटचं बोलायच्या आधीच! ते कुठाय? तो चहा कुठाय? या चष्मेवाल्यानं खोगीर छापलं आणि घोडा पळवला! असलं मेलेलं वाक्य माझ्या नावावर! ताश्कंदच्या दुकानांत! माझ्या नातवंडांच्या शाळेत! कुठं राहतो तो? मी आता तिकडेच चाललोय, धरतोच त्याची—"

"हैतबाय," कोचकार-आका म्हणाले, "तू रागावलास."

हैतबायचा हात हवेतच राहिला.

क्षणभरानं सगळा चौथरा हलला. कुणी पियाला सांडला, कुणी शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारल्या. "रागावला! हैतबाय रागावला! पुलाव! पुलाव!" हसून हसून तुर्गूनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तो निळ्या नखांनी ते निपटत म्हणाला, "तांदूळ चांगला आण. कंजूषपणा करू नकोस."

"पण उद्याच्या गाडीची तिकिटं..." बोतिर म्हणाला.

"बदल," सात-आठ जण एकदम म्हणाले.

रिसालत तिथून निघाली. पाटाच्या कडेनं घरी चालत जाताना मागून कोचकार-आकांचा आवाज आला, "विषय, प्रवास!" आणि मग तुर्गूनचा, गंजलेला. पहिला टोमणा वाया गेला, हसणं उमटलं नाही. दुसराही जेमतेम. तिसऱ्याला मात्र हैतबायनं काहीतरी जोडलं आणि लोंढा आला.

हैतबायचा पुलाव पुढच्या शुक्रवारी झाला. तांदळाचा अगदी गोळा झाला होता आणि त्याबद्दल त्याला जे ऐकून घ्यावं लागलं ते तुर्गूननं घरी येऊन सांगितलं नाही. पण जेवताना मधेच हसे. मग हैतबाय ताश्कंदला गेला. जायचाच होता.

तुर्गून चहाखान्यात जायला लागला. नवा जोडीदार मिळाला नाही. त्या वयात मिळत नाही. पण महिन्यातून एकदा रिसालत त्याला टपालकचेरीत घेऊन जाई. ताश्कंदच्या फोनची नोंद करायची, बाकावर बसायचं, आणि नाव पुकारलं की काचेच्या खोलीत शिरायचं. तुर्गूनला कमी ऐकू यायचं, म्हणून तो ओरडून बोले, आणि खोलीचं दार नीट लागत नसे. रांगेतल्या लोकांना अर्धाच खेळ ऐकू येई. उरलेला अर्धा फोन जोडून देणारी मुलगी ऐके. कानाला यंत्र लावून ती टेबलावर डोकं टेकून हसायची, आणि लोक तिच्याकडे बघून ओळखत, की पलीकडून चांगलं उत्तर आलं. वेळ संपल्याची घंटा ती कधीच वेळेवर वाजवत नसे.

एक बाई मात्र नेहमी कुरकुरे. तिला लेकीशी बोलायचं असे, समरकंदला. रिसालत पिशवीतून मूठभर बेदाणे काढून तिच्या ओंजळीत ठेवी आणि म्हणे, "बस जरा, बाई. आत्ता कुठं त्यांनी घोड्याला पाणी दाखवलंय, दौड अजून व्हायचीय."